रकाने कोण आखतं?

मेल उघडली की समोर काय दिसतं? कुणाकडून आली, विषय काय, कधी आली. रोज बघून बघून आपल्याला वाटतं, की हे असंच असणार, आणखी कसं असणार? पण प्रत्येक रकाना कधीतरी कुणीतरी आखलेला असतो. आणि तो आखताना, आपण आधी काय बघायचं हेही त्यानं ठरवून टाकलेलं असतं.

१९७१ साली रे टॉमलिन्सनने आर्पानेटवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला. तेव्हा यादी वगैरे भानगड नव्हती. आलेलं टपाल एकापाठोपाठ एक वाचत जायचं, बस्स. १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्सने 'आरडी' नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि निरोपांची यादी बघून हवा तोच उघडण्याची सोय झाली. पण यादी करायची तर निरोपाच्या डोक्यावर सगळ्यांनी सारखीच माहिती लिहायला हवी ना! सप्टेंबर १९७३ मध्ये चौघांनी मिळून तसा एक मसुदा मांडला : पाठवणारा, तारीख, विषय. त्या चौघांत टॉमलिन्सन होतेच, आणि आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेले अभय भूषणही होते. गंमत म्हणजे त्यांनी चौथी एक जागाही मोकळी ठेवली होती. तुम्हाला हवा तो शब्द, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, आणि मग हवा तो मजकूर. मला ही मोकळी जागा फार आवडते.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी डॉक्टर आहे, छोटासा दवाखाना चालवतो. आमच्याकडचे रकाने मेलपेक्षा कितीतरी जुने. एकेकाळी डॉक्टर आपापल्या खतावणीत पेशंटची नोंद करत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्येही असंच होतं. एकच माणूस तीन डॉक्टरांकडे गेला की त्याचा आजार तीन वह्यांत वाटला जायचा! १९०७ मध्ये हेन्री प्लमर यांनी तिथे एका माणसाला एक नंबर आणि एक फाइल अशी पद्धत सुरू केली. वही डॉक्टरची होती, फाइल पेशंटची झाली. पुढे १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी सुचवलं, की केसपेपरच्या सुरुवातीलाच त्या माणसाच्या सगळ्या तक्रारींची क्रमांक घातलेली यादी असावी, म्हणजे आजच्या खोकल्याच्या नादात जुना मधुमेह नजरेआड होणार नाही.

प्लमर आणि वीड, दोघांनीही नवं औषध शोधलं नाही. त्यांनी फक्त कागद नव्याने आखला. पण त्यामुळे डॉक्टरला माणूस वेगळा दिसू लागला.

माझ्या दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची यादी उघडली, की नावाला लागूनच रकाना होता 'येणे बाकी'. म्हणजे माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्याची उधारी माझ्या डोळ्यांपुढे! आता मंडळी, उधारी मलाही वसूल करायची असतेच, दवाखान्याचं भाडं काही माफ होत नाही. पण ती पहिल्यांदा दिसली, की 'काय होतंय?' या प्रश्नाचा सूर नकळत बदलतो. मग एका दुपारी मी शीर्षकावर उजवी टिचकी मारून तो रकाना लपवला. काउंटरवरच्या संगणकावर तो आहे, तिथे शोभतोही. त्याच्या जागी ओढून आणली 'ॲलर्जी', मग 'शेवटची भेट'.

एक रिकामा रकानाही सापडला, नाव आपण द्यायचं असा. मी नाव दिलं 'घरी सोबत कोण'. मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि इथे एकटं कुणीतरी, अशा नोंदी त्यात बऱ्याच भरल्या गेल्या. त्या लोकांना गोळ्या लिहून देताना आता मी चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहितो आणि दोन दिवसांनी फोन करतो.

तुमच्याही कामात अशी एखादी यादी असेलच. तिच्यात पहिला रकाना कशाचा आहे, एकदा बघा. आणि कशाला रकानाच नाही, तेही.