करवतीची वाट : सूत्रापासून मार्गपट्टीपर्यंत

काष्ठकर्म करणाऱ्यास आपल्या भाषेत ‘सुतार’ म्हणतात आणि हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला आहे, हे ज्ञातीतील वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक असेलच. या कारागिराचे नाव करवतीवरून पडले नाही, रंध्यावरूनही पडले नाही. ते सुतावरून पडले. गेरूत भिजविलेली दोरी ओंडक्याच्या दोन टोकांस ताणून धरावयाची, मध्ये चिमटीने उचलून सोडावयाची आणि उमटलेल्या रेघेवरून करवत न्यावयाची, ही रीत इतकी जुनी की इंचाच्या आठव्या हिश्शालाही कारागीर ‘सूत’च म्हणतो. परंतु दोरी रेघ तेवढी दाखविते. करवतीला त्या रेघेवर धरून ठेवणे हे हाताचे आणि नजरेचे काम. हे काम हातातून निघून यंत्राकडे कसे गेले, त्याचा हा थोडा इतिहास आम्ही सांगत आहोत. घरच्या घरी सुतारकामाची हौस करणाऱ्या आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस उपकरणे घेताना तो उपयोगी पडेल.

आपल्या मुंबईचेच उदाहरण प्रथम घेऊ. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या घराण्याने येथील गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. १८१३ सालचे ‘कॉर्नवॉलिस’ आणि १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ ही दोन्ही सागवानी जहाजे याच गोदीतली. पहिल्यावर पुढे १८४२ साली नानकिंगचा तह झाला. दुसरे इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. त्या काळच्या जहाजबांधणीत लांबलचक फळ्या चिरावयाच्या त्या दोघा गड्यांनी, एक वर व एक खाली राहून, मोठ्या करवतीने. सूत मारलेली रेघ वरच्याच्या डोळ्यांसमोर, आणि भुसा खालच्याच्या डोळ्यांत! (श्रमविभागणीतील हा अन्याय कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाहून जुना असावा.)

युरोपात मात्र हे श्रम वाऱ्यापाण्यावर सोपविण्याची खटपट फार पूर्वी सुरू झाली होती. हॉलंडमधील कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्कीवर करवती चालविल्या. १७७७ साली साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने गोल पात्याच्या करवतीचा उल्लेख असलेला परवाना मिळविला. या गिरण्यांत सरळपणा कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. पाते आपल्या जागी फिरत वा वरखाली होत राहते आणि लाकूड गाड्यावर बांधून त्याच्याकडे सरळ रेषेत नेले जाते. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडोर्फ याने १९०६ साली फर्निचरवाल्यांसाठी सरकत्या मेजाची करवत काढली, तिचेही तत्त्व हेच. गाडा सरळ, म्हणून काप सरळ.

ही व्यवस्था कारखान्यात शोभते, घरात नाही. १९२४ च्या सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड मिशेल याने हाती धरावयाची विजेची गोल करवत तयार केली, तेव्हा यंत्र लाकडाकडे जाऊ लागले. पण त्याबरोबर सरळपणा पुन्हा हाताच्या भरवशावर आला, आणि या खेपेस हातात भरवेगाने फिरणारे पाते होते. कापताना लाकडाची फट मिटून पाते चिमटले की ते यंत्र उसळून कापणाऱ्याच्याच अंगावर येते. कित्येक कारागिरांची बोटे गेली ती याच झटक्याने.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या भुकटीचे व कपच्यांचे दाबून केलेले तक्ते आणि प्लायवूड यांचा प्रसार झाला व प्रश्न आणखी निकडीचा झाला. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाडीचा कपच्यांचा तक्ता सुमारे ३५ किलो भरतो. एकट्या माणसाने तो मेजावरच्या पात्यावर ढकलणे म्हणजे संकटास आमंत्रण. तेव्हा तक्ता स्थिर ठेवावा आणि करवतीलाच रूळ द्यावा, ही कल्पना पुढे आली. आल्बर्ट फेझर व गॉटलिब श्टोल यांनी १९२५ साली जर्मनीत स्थापिलेल्या, दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘फेस्टो’ म्हणविणाऱ्या पेढीने १९६० नंतरच्या दशकात अशी ॲल्युमिनियमची पट्टी बाजारात आणली. कारागीर तिला ‘गाईड रेल’ म्हणतात. आम्ही तिला मार्गपट्टी म्हणू. याच पेढीचा हत्यारांचा विभाग २००० साली वेगळा होऊन ‘फेस्टूल’ झाला.

पट्टीच्या पाठीवर लांबीभर एक उंच कणा असतो. करवतीच्या बुडाची खाच त्यावर बसते. कडेला रबराची वा प्लास्टिकची धार लावलेली असते. पहिल्याच वेळी करवत ही धार स्वतःच्या मापाने कापून घेते, आणि त्यानंतर पट्टीची कड हीच कापाची रेघ! शिवाय ती धार लाकडाचे तंतू दाबून धरते, त्यामुळे वरचा पापुद्रा फाटत नाही. सुताराच्या दोरीने जी रेघ नुसती दाखविली, ती येथे करवतीला बांधून ठेवते.

आता निवडीविषयी. अनेकजण आधी करवत पाहतात व पट्टीचा विचार मागाहून करतात; आमच्या मते हा क्रम उलटा हवा. कण्याचा घाट पेढीगणिक भिन्न असतो. फेस्टूल व जपानची माकिता यांच्या पट्ट्या व करवती बहुतांशी परस्परांस चालतात. बॉश व माफेल यांचा दुसरा गोत्रसंबंध. डिवॉल्टचे घराणे वेगळेच. एकदा पट्टी घेतली की जोडपट्ट्या, शिकंजे, गुण्या हे सारे त्याच घराण्यातून आणावे लागते. तेव्हा सोयरीक पाहूनच करावी!

लांबीचा हिशेब सोपा आहे. तक्त्याची लांबी २४४० मिलिमीटर; १४०० च्या दोन पट्ट्या जोडल्या तर २८०० होतात व पाते आत शिरावयास आणि बाहेर पडावयास जागा उरते. ३००० ची अखंड पट्टी अधिक विश्वासाची खरी, परंतु सदनिकेच्या जिन्यावरून ती वर कशी न्यावयाची? जोडलेल्या पट्ट्यांचे स्क्रू कसताना सांध्याला सरळ कांब लावून पाहावी.

ज्यांस वर्षाकाठी एखादेच कपाट करावयाचे आहे त्यांनी हा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्लायवूडच्या रुंद पट्टीवर एक सरळ काठी चिकटवून, साध्या गोल करवतीने काठीला धरून तिची कड कापून घ्यावी, तीच मार्गपट्टी. शिकंज्यांनी घट्ट बांधली तर ती काप सरळ देते. मात्र जो महिन्यातून अनेकदा तक्ते कापणार, त्याने पाते सोडताच आवरणात परत चढणारी व पात्यामागे फट उघडी ठेवणारी पाचर असलेली करवतच घ्यावी. पट्टी करवतीला बाजूला जाऊ देत नाही. मागे उसळण्यापासून वाचविते ती ही पाचर. तक्त्याखाली फोमचा जाड थर अंथरावा, म्हणजे कापलेला भाग खाली झुकून फट मिटत नाही. खोली ठरविताना पट्टीची जाडी ध्यानात घ्यावी. काही यंत्रांवरील खुणा ती धरून असतात, काहींवरील नसतात.

नवी पट्टी घरी आणल्यावर तिच्या कडेने तक्त्यावर बारीक पेन्सिलीने रेघ ओढावी, मग पट्टी रेघेच्या दुसऱ्या बाजूस फिरवून तीच कड लावावी व पुन्हा ओढावी. दोन रेघांत मध्ये वा टोकांशी फट दिसली, तर ती पट्टीच्या वाकाच्या दुप्पट असते. अशी पट्टी त्याच दिवशी दुकानदारास परत करावी. सरळ निघालेली पट्टी भिंतीशी तिरपी उभी न ठेवता टोकाच्या भोकातून खुंटीस टांगावी, आणि मुलांच्या हाती क्रिकेटची यष्टी म्हणून लागू देऊ नये.