ट्रॅक्टरच्या कुशीतला विळा

ज्यांच्या मुलखात पाऊस सरल्यावर निरभ्र उन्हात डोंगरउतारावरचे गवत उभ्याउभ्याच पिकते आणि हाती विळा घेऊन ते सवडीने कापता येते, त्यांना गवतकापणी हे शेतीतले अगदी बिनधोक काम वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेच्या उत्तर प्रांतांत, जेथे बर्फाचे महिने जनावरांना गोठ्यातच काढावे लागतात आणि गवत मात्र केव्हा सर येईल याचा भरवसा नसलेल्या जून-जुलैच्या दिवसांत तयार होते, तेथे चार कोरडे दिवस साधणे हा वर्षभराच्या दुभत्याचा प्रश्न होता. लांब दांड्याच्या, दोन्ही हातांनी फिरवायच्या विळ्याने कसलेला माणूस दिवसाकाठी एकरभर गवत कापी. त्याहून अधिक कापायचे तर मनुष्यबळाबाहेरची तजवीज करणे प्राप्त होते.

ती तजवीज ज्याच्या कल्पनेतून निघाली त्या ओबेड हसीचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. १८३३ साली त्याने आपल्या कापणी यंत्राची सनद घेतली आणि सायरस मॅकॉर्मिकने १८३४ साली. पुढील भांडणात कीर्ती व संपत्ती मॅकॉर्मिककडे गेली, परंतु दातेरी नखांच्या खाचांतून इकडून तिकडे सरकणाऱ्या त्रिकोणी पात्यांची जी रचना गवतासाठी टिकली, ती मुख्यत्वे हसीची होती. १८६० साली, आगगाडीतील एका लहान मुलाला पाणी आणून देऊन परत चढत असता तो गाडीखाली सापडून मरण पावला. केवळ गवतासाठी म्हणून वेगळे यंत्र बफेलो येथील विल्यम केचमने १८४७ साली सनदेत नोंदविले, आणि कापणारी पट्टी बिजागरीने जोडून खाचखळग्यांवर लवेल, वाटेवर उभी करून ठेवता येईल, अशी योजना ओहायोतील ल्यूइस मिलरने १८५८ साली सिद्धीस नेली. आणखी सुमारे शंभर वर्षे या रचनेच्या मूळ तत्त्वात बदल करण्याची गरज कोणाला भासली नाही, यावरूनच तिची योग्यता ध्यानी यावी.

तरी त्या यंत्रात एक दोष होता. पात्यांना गती मिळे ती यंत्राच्या स्वतःच्या चाकांपासून. त्यामुळे जेथे गवत दाट, तेथेच घोडे मंदावत, आणि जेथे पात्यांनी अधिक जोमाने चालावे तेथेच ती मंद होऊन तुंबत. ओलसर भुईवर तर चाक नुसते घसरत जाई. फ्रान्समधील आल्बेर गूजी याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनापासूनच दांडा काढून मागचे कापणी यंत्र फिरविले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ही कल्पना उचलून १९१८ साली आपल्या ट्रॅक्टरला तसा दांडा बसविला आणि १९२४ साली बाजारात आलेल्या ‘फार्मऑल’बरोबर ती सर्वसामान्य शेतकऱ्याच्या दारी आणली. पुढे या दांड्याचे मिनिटाला ५४० फेरे हे प्रमाण ठरले. आता ट्रॅक्टर कितीही हळू चालो, पाती आपल्या वेगानेच चालणार. चाकांच्या अमलातून विळा मोकळा झाला. सात फुटी पट्टीवर सुमारे २८ पाती, ती हलविणारा पिटमन नावाचा लाकडी दांडा, आणि चालताना पट्टी मागे रेटली जाते म्हणून तिचे बाहेरचे टोक दर फुटास पाव इंच या बेताने पुढे काढून ठेवण्याची दक्षता, एवढा हा सरंजाम. पट्टी दगडावर आदळली की ती आपोआप मागे झुके. पण नखांत अडकलेले गवत इंजिन चालू असता हाताने काढू पाहणाऱ्याची बोटे गेल्यावाचून राहत नसत.

कापण्याचा प्रश्न सुटला, वाळविण्याचा उरला, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच. उभ्या गवतात शेकडा ७५ ते ८० भाग पाणी असते. ते विसाच्या आत आल्यावाचून गंजी रचली तर आतून तापून कोठार पेट घेते. उलट फार वाळविले तर, पाने देठाच्या आधी सुकत असल्यामुळे, ज्यांत पोषण अधिक तीच चुरा होऊन भुईवर गळतात. म्हणून पसरलेले गवत वेळीच ओळीत गोळा करणे भाग पडे. त्यासाठी निराळा दंताळा होताच. पण क्लोव्हर, वाटाणा यांसारख्या बियांसाठी राखलेल्या पिकाला पुन्हा दंताळा लावणे म्हणजे दाणे मातीत घालणे. तेथे पट्टीच्या मागेच वाकवलेल्या पोलादी सळ्यांचा एक जुडगा बसवीत. एका टोकाकडून दुसऱ्याकडे लांब होत जाणाऱ्या त्या सळ्यांवरून कापलेले पीक घरंगळत, स्वतःभोवती गुंडाळत, पुढच्या फेरीत चाकाखाली येणार नाही अशा जागी ओळीने पडे. त्यात फिरणारा एकही भाग नव्हता. वजन आणि उतार यांच्याकडूनच काम करून घेणाऱ्या त्या अनामिक लोहाराच्या बुद्धीचे मला फार कौतुक वाटते.

१९३९ साली हॅरी फर्ग्युसन या यंत्रकाराची, अवजार थेट ट्रॅक्टरलाच जोडणारी तीन सांध्यांची जोडणी फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पट्टी मागे टांगता येऊ लागली. १९६० नंतर हॉलंडमधील फिरत्या पात्यांची यंत्रे आली; ती न तुंबता दुप्पट वेगाने कापीत, मात्र इंधन पुष्कळ खात. आल्प्स पर्वताच्या तीव्र उतारांवर, जेथे जड यंत्र उलटण्याचे भय असते, तेथे सरळ पट्टीचा अंमल अजून चालू आहे. आणि फिरत्या यंत्रांच्या मानाने तिच्या कापणीत कुरणातील बेडूक व कीटक अधिक वाचतात म्हणून तिच्याकडे आता पुन्हा मागणी होऊ लागली आहे.