दुष्काळाच्या यादीपासून तहसील कचेरीपर्यंत

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या सडकेवर सुमारें 18 किलोमीटरांवर देवळी हें गांव लागतें. मिरणनाथाचें देवस्थान आणि कापसाचा बाजार यांमुळें जुन्या मध्यप्रांतांत त्याचें नांव सर्वांना ठाऊक होतें. आज तेथें नगरपरिषद आहे आणि तहसील कचेरीही आहे. ज्याला दिसत नाहीं, ज्याचे पाय चालत नाहींत, अशा माणसाला सरकारकडून दरमहा कांहीं रक्कम मिळावयाची असेल, तर त्याचा अर्ज याच कचेरीच्या वाटेनें पुढें सरकतो. ही व्यवस्था स्वराज्यानंतरची म्हणून ओळखली जाते. परंतु तिच्या बऱ्याच अटींचें मूळ दुष्काळांत आहे.

अपंगांना पोसणें हें राज्याचें कर्तव्य आहे असा लेखी नियम या भागांत प्रथम आला तो दुष्काळ-आयोगाच्या 1880 च्या अहवालामागून. धडधाकट माणसांनीं खडी फोडावी, तलाव खोदावेत आणि मजुरी घ्यावी, हा त्या व्यवस्थेचा पाया होता. मग जो खडी फोडूं शकत नाहीं त्याचें काय? आंधळे, पंगू, वेडे, अतिवृद्ध आणि दुखणेकऱ्याच्या उशाशीं अडकून पडलेले, अशांना काम न घेतां घरबसल्या मदत द्यावी, असें ठरलें. गांवच्या कामगारांनीं यादी करावी आणि वरच्या अंमलदारानें ती प्रत्यक्ष पाहून तपासावी, अशी रीत होती. 1899-1900 च्या दुष्काळांत वर्धा जिल्हाही सांपडला, तेव्हां हेच नियम येथें लागू होते.

या नियमांत एक अट होती आणि ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. माणूस अपंग आहे एवढेंच पुरे नव्हतें. त्याला पोसणारें नात्यांतील कोणी नाहीं, हेंही पाहिलें जाई. सरकारची दृष्टि अशी कीं, पोसण्याचा पहिला भार कुटुंबाचा, आणि कुटुंब खचलें तरच तिजोरीचा. शिवाय पाऊस पडून पिकें हातीं आलीं कीं यादी बंद होई. आंधळ्याचें आंधळेपण कांहीं पावसाबरोबर जात नसे. तो पुन्हा देवळाच्या पायरीवर येऊन बसे. मरूं द्यावयाचें नाहीं एवढीच हमी त्या राज्यकर्त्यांनीं घेतली होती, जगविण्याची नव्हे.

महारोग्याच्या बाबतींत तर सरकारचा हात याहून कठोर होता. 1898 च्या कायद्यान्वयें भीक मागत फिरणाऱ्या निर्धन महारोग्यास पोलिसानें पकडावें आणि आश्रयगृहांत डांबावें, अशी तरतूद होती. रोगापेक्षां दारिद्र्याचाच तो अपराध मानला गेला, कारण घरीं खाऊनपिऊन असलेल्या रोग्यास तो कायदा डांबत नव्हता. याच वर्धा जिल्ह्यांत 1936 सालीं मनोहर दिवाण यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें दत्तपूर येथें कुष्ठधाम उभें केलें. तेथें रोगी शेती करूं लागले, सूत कातूं लागले. सरकार ज्याला कोंडण्याची वस्तु समजत होतें, त्याला दत्तपूरनें कामकरी मानलें. कायदा मात्र आश्चर्य वाटावें इतका चिवट निघाला. तो रद्द झाला 2016 मध्यें.

1950 च्या राज्यघटनेनें 41 व्या अनुच्छेदांत बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य केला. परंतु ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत’ अशा अर्थाचे शब्द त्याला जोडलेले आहेत, आणि हें मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळें त्याच्या बळावर न्यायालयांत जातां येत नाहीं. महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना आली ती 1980 सालीं, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांनीं. केंद्राचें स्वतंत्र अपंग निवृत्तिवेतन 2009 चें. तें दारिद्र्यरेषेखालील आणि 80 टक्के अपंगत्व असलेल्यांपुरतें, महिना 200 रुपये, 2012 पासून 300.

मधल्या काळांत 1995 च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले. त्यांत बरा झालेला कुष्ठरोगीही होता, हें 1898 आठवणाऱ्यास विशेष वाटावें. 2016 च्या कायद्यानें ही संख्या 21 वर नेली आणि त्यांत सिकलसेलचा समावेश केला. विदर्भांत या रक्तविकाराचा आढळ बराच असल्यानें देवळीकडील अनेक घरांना ही तरतूद जवळची आहे. पण सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के राखीव जागांत मात्र या रोग्यांना वांटा नाहीं. नांवेंही बदललीं: पंगू, अपंग, मग दिव्यांग. मोजपट्टी मात्र सुटली नाहीं. किमान 40 टक्के अपंगत्व सिद्ध झालें तरच दार उघडतें. 39 टक्क्यांचा माणूस 40 टक्क्यांच्या माणसापेक्षां किती सुखी असतो, हें कोणत्या वैद्यानें सांगावें?

दुष्काळांत अंमलदार यादी घेऊन गांवांत येई. आतां अपंगानें दाखल्यासाठीं देवळीहून वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयाकडे जावयाचें. एस. टी.च्या भाड्यांत त्याला 75 टक्के सवलत आहे. पण जो एकटा जाऊं शकत नाहीं, त्याच्या सोबत्याचा बुडालेला रोज कोणत्याच हिशेबांत येत नाहीं.

आणि ती जुनी नात्याची अट? ती उत्पन्नाच्या दाखल्याचें रूप घेऊन राहिली आहे. राज्याच्या योजनेंत अपंगासाठीं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये ठरली, म्हणजे साऱ्या घराला दिवसाकाठीं 137 रुपये. 2025-26 सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावरची मजुरी 312 रुपये होती. त्या दरानें घरांतील एकच माणूस वर्षांत 161 दिवस कामावर गेला, तर घर या रेषेपलीकडे जातें. म्हणजे आंधळ्या बहिणीसाठीं राबणारा भाऊच तिच्या मदतीच्या आड यावयाचा. कागदावर तिला पोसणारा आहे; परंतु तिच्या हातांत स्वतःचा असा पैसा नाहीं. मोजावयाचेंच असेल तर त्या अपंग व्यक्तीचें उत्पन्न मोजावें, भावाचें नव्हे.

रक्कम वाढली, हेंही खरें. 2023 मध्यें अनुदान महिना 1,500 रुपये झालें. इतरांपेक्षां अपंगांना किमान 25 टक्के अधिक साहाय्य मिळावें असें 2016 च्या कायद्यांत आहे. 2025 मध्यें राज्यानें दिव्यांगांची रक्कम 2,500 रुपये केली. देवळीसारख्या नगरपरिषदांनींही स्वतःच्या उत्पन्नांतील 5 टक्के भाग दिव्यांगांसाठीं खर्च करावयाचा आहे. लाभार्थ्यानें मात्र दरवर्षीं आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. जो खाटेवरून उठूं शकत नाहीं त्याच्याकडे तपासणारा माणूस गेला, तरच त्याचें अनुदान चालूं राहतें.