नेवाळीची धावपट्टी

बदलापुराहून काटईच्या रस्त्याने निघाले की नेवाळीच्या सुमारास एक विस्तीर्ण माळ लागतो. पाठीशी मलंगगड उभा, पुढे गवत आणि चरणारी गुरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने आसपासच्या गावांची सोळाशे एकरांहून अधिक जमीन घेऊन येथे विमानतळ बांधला. युद्ध संपले, विमाने गेली. जमीन परत मिळेल या आशेवर शेतकऱ्यांच्या पिढ्या तेवढ्या राहिल्या. जून २०१७ मध्ये नौदल या जमिनीभोवती भिंत घालू लागले तेव्हा गाड्या जळाल्या, पोलिसांचे छर्रे सुटले. त्या वादाचा इतिहास मोठा आहे, तो आज सांगत नाही. पण या माळावरून जाताना मला नेहमी वाटते, की विमान नावाच्या वस्तूने आमच्या मुलखाकडून आधी मोल घेतले आणि हिशेब मात्र मागाहूनच कळला. हा लेख त्या हिशेबाचा आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, आणि पुढे हात वळण्यापुरते रेघोट्यांचे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा आकडेमोडीशी माझे वैर दुहेरी आहे. अंबरनाथला माझ्या वर्गात एक मुलगा होता. फुलदाणी काढ म्हटले तरी कागदाच्या कोपऱ्यात तो विमान काढायचाच. २००९ साली तो बारावी झाला आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. म्हणाले, "मास्तर, पोरगा विमान चालवायचं म्हणतोय. फंडातले पैसे काढावे लागतील, वर कर्ज. तुमचं काय मत?"

मी तेव्हा तरुण होतो. छातीठोकपणे म्हणालो, "दादा, देशात रोज नवी विमानं येताहेत. बेलाशक घाला पैसे. सोनं होईल!" वाचकहो, माझे हे मत कशावर आधारले होते? वर्तमानपत्राच्या एका रंगीत पुरवणीवर!

२०१२ साली मुलाच्या हाती परवाना आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमाने कायमची जमिनीवर बसली. हजारो तास आकाशात काढलेले वैमानिक नोकरी शोधू लागले. त्यांच्यापुढे दोनशे तासांच्या पोराला कोण विचारतो? पाच वर्षे तो घरी होता. उल्हासनगरात एका शिकवणी वर्गात गणित शिकवी. मिळवलेले पैसे पुन्हा परवान्यातच जात. वैद्यकीय तपासणी वेळच्या वेळी हवी, मधूनमधून उड्डाणही हवे. विद्या गंजू नये म्हणून असे पैसे मोजायला लावणारा धंदा दुसरा क्वचितच असेल.

त्या दिवसांत एका रात्री बदलापुरात एका सोसायटीच्या फाटकाशी मला त्याचे वडील दिसले. अंगात पहारेकऱ्याचा गणवेश. निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. मला पाहून ते उठले आणि म्हणाले, "मास्तर, पोराला सांगू नका. त्याला वाटतं, मी मित्राच्या दुकानावर हिशेबाला बसतो." घरी येऊन मला जेवण गेले नाही. (पुढे त्यांनीच मुलाला सारे सांगितले, म्हणून आज लिहायला हरकत नाही.)

२०१७ साली मुलगा सहवैमानिक म्हणून लागला. कर्ज फिटत आले आहे. गोष्ट गोड झाली असे म्हणून मीही विसरलो असतो. पण गेल्या श्रावणात बदलापूरची एक माउली दारात उभी राहिली. "सर, तुमचा विद्यार्थी विमान चालवतो म्हणे. आमचा धाकटाही तेच घेऊन बसलाय. घर गहाण ठेवावं लागेल. ठेवू का?"

या खेपेस मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची वाट धरली.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की या नोकरीचा पाळणा पहिल्यापासून झुलता आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. पुढे ज्यांनी उल्हासनगर वसवले त्या सिंधी मंडळींपैकी अनेक त्याच कराचीतले. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. छावणी आणि नेवाळीचा तळ ही दोन्ही एकाच युद्धाची अपत्ये. एकीत माणसे राहायला आली, म्हणून ती फळली.

त्याच युद्धाने तिसरे अपत्यही दिले. अमेरिकन सैन्याची उरलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. सैन्यातून सुटलेले वैमानिक आयते होते. मग काय, हौशी भांडवलवाल्यांनी भराभर विमान कंपन्या काढल्या आणि सरकारनेही हात सैल सोडून परवाने दिले. इतक्या कंपन्यांना पुरतील इतके उतारू आणायचे कोठून, हे टाटा तेव्हाच विचारीत होते. ज्युपिटर, अंबिका यांसारख्या कंपन्या उघडल्या तशाच मिटल्या.

त्या तेजीच्या दिवसांतही दार सर्वांना उघडे नव्हते. प्रेम माथूर या बाईंनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला, पण कंपन्यांमागून कंपन्यांनी त्यांना नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत, आणि जगाच्या सरासरीच्या मानाने हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. बदल होतो, पण रांगेत पहिल्याने उभे राहणाराला तो महागात पडतो.

१९५० साली सरकारने या साऱ्या गोंधळाची चौकशी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले मराठी गृहस्थ, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. धंद्याच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांनी एकत्र यावे, राष्ट्रीयीकरण मात्र तूर्त नको, असा समितीचा अभिप्राय पडला. सरकारने तीन वर्षांनी राष्ट्रीयीकरणच केले. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या मोडून इंडियन एअरलाइन्स सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ७४ तर त्या जुन्या डाकोटाच होत्या. पुढची चाळीस वर्षे वैमानिकाची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. जागा थोड्या, पण लागला तो लागला.

१९९४ साली तो कायदा रद्द झाला आणि १९४६ चाच खेळ नव्या पडद्यावर सुरू झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावे वाचकांना आठवत असतील. दहा वर्षेही त्यांनी पाहिली नाहीत. मग २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. मध्ये २०२० साली महामारीने तर २५ मार्चपासून दोन महिने देशातली सारीच प्रवासी उड्डाणे थांबवली. यांतल्या कोणत्याही वेळी वैमानिकाला विमान येत नव्हते असे झाले नाही. त्याची विद्या शाबूत होती, वही बुडाली ती मालकाची.

आता म्हणाल, सध्या तर विमानांच्या मागण्यांचा पाऊस पडतो आहे! खरे आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी जाहीर केली. एका विमानामागे दहा-बारा, कधी पंधराही वैमानिक लागतात. पण त्याच २०२३ साली देशात १,६२२ नवे व्यावसायिक परवाने दिले गेले. आदल्या वर्षी ही संख्या १,१६५ होती. मागणी नोंदवलेली विमाने वर्षानुवर्षे थोडीथोडी येतात, मुले मात्र दरसाल येतात.

आणखी एक गाठ आहे. कंपन्यांना तुटवडा भासतो तो मुख्यतः कॅप्टनांचा. कॅप्टनच्या परवान्याला दीड हजार तास लागतात, नव्या मुलापाशी असतात दोनशे. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू झाले आणि डिसेंबरात इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. देश म्हणाला, वैमानिक कमी आहेत! आणि त्याच आठवड्यात कित्येक घरांत परवाना भिंतीवर लावून मुले बसली होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मला २००९ साली ठाऊक नव्हते.

उल्हासनगरातल्या माझ्या एका कापडवाल्या स्नेह्याला मी हे सारे सांगितले. तो हसला. "मास्तर, दुकानात माल किती आला ते लोक सांगतात. गिऱ्हाईक यायच्या आधी भाडं किती महिने भरता येईल, ते विचारावं."

आठ दिवसांनी ती माउली आली तेव्हा मी तिला म्हणालो, "ताई, मुलाला नाही म्हणू नका. पण फी भरण्याआधी त्याची वरच्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यात नाहीतर कानात खोट निघाली तर खर्च तेथेच वाचेल. शिक्षणाचे पन्नास लाखांच्या वर जातात, आणि कंपनीचं विशिष्ट विमान शिकण्याचे पुन्हा निराळे, ते धरून चाला. परवान्यानंतर तीन-चार वर्षं नोकरी नाही असं समजून हिशेब मांडा. आणि हाताशी दुसरी एखादी पदवी असू द्या."

तिचे समाधान झालेले दिसेना. मग मी तिला अंबरनाथला त्या फिटरदादांकडे घेऊन गेलो. चहा झाला. भिंतीवर मुलाचा गणवेशातला फोटो होता. दादांनी तिची सारी हकीकत ऐकून घेतली आणि एकच विचारले, "घर स्वतःचं आहे ना?"

"हो."

"मग ते तसंच राहू द्या. बाकी काय वाटेल ते करा."

परतताना रिक्षा नेवाळीवरून आली. माळावर संध्याकाळ उतरली होती. मलंगगडाच्या वरून एक विमान मुंबईकडे चालले होते. बाईंनी मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "तपासणी कुठे करतात, तेवढं लिहून द्याल का सर?"

मी लिहून दिले.