‘रोड’ शब्दाचा प्रवास

नागपूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी ‘भंडारा रोड’ स्थानकात थांबते, तेव्हा नवखा प्रवासी भंडारा शहर शोधू लागतो. शहर तेथून सुमारे दहा किलोमीटर दूर आहे. स्थानक आहे वरठी गावात. ‘वसई रोड’चे स्थानकही जुन्या वसईत नसून नवघर-माणिकपूरच्या परिसरात आहे. नाशिक रोड, सावंतवाडी रोड ही नावे त्याच पठडीतली. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे, ‘त्या गावी जाणाऱ्याने येथे उतरून पुढची सडक धरावी’ अशी सूचनाच होय.

या शब्दाचा मूळ अर्थ मात्र सडक असा नव्हता. घोड्यावर बसून जाणे या अर्थाचा ‘राइड’ आणि ‘रोड’ हे एकाच कुळातले शब्द. जुन्या इंग्रजीत ‘रोड’ म्हणजे घोड्यावरचा प्रवास. त्यातूनच घोडेस्वारांची धाड हा अर्थ आला. छापा या अर्थाचा ‘रेड’ हे त्याचेच स्कॉटलंडमधील रूप. १६११ च्या इंग्रजी बायबलात पहिल्या शमुवेलाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आखीश राजा दावीदाला त्याच्या धाडीविषयी विचारतो, तेथे ‘रोड’ हाच शब्द आहे. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपला ‘स्वारी’ हा शब्दही घोड्यावर बसणे आणि शत्रूवर चालून जाणे, असे दोन्ही अर्थ सांगतो.

दर्यावर्दी लोकांनी किनाऱ्याजवळ जहाजे नांगरून ठेवण्याच्या जागेलाही ‘रोड’ म्हटले. मद्रासला बंदर बांधले जाण्यापूर्वी जहाजे उघड्या समुद्रात थांबत. त्या जागेला ‘मद्रास रोड्स’ म्हणत. वाट किंवा सडक हा आजचा अर्थ रूढ होऊ लागला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शेक्सपिअरच्या काळात.

म्हणजे आधी जाणे होते, वाट मागाहून आली. जाणाऱ्याच्या क्रियेचे नाव पायाखालच्या जमिनीला मिळाले. रेल्वेने तोच शब्द फलकावर लिहिला आणि यजमान गावाचे नाव मागे पडले. भंडाऱ्याला निघालेल्या प्रत्येक प्रवाशाला वरठी आपल्या अंगणात उतरवून घेते. फलकावर मात्र पाहुण्याच्या गावाचे नाव असते. तेथे उतरताना त्या यजमान गावाचेही नाव आपण घ्यावे. दुसऱ्याच्या प्रवासाला जागा देणाऱ्याचे एवढे ऋण तरी आपल्यावर असतेच.