शेरडांचा वाडा : आपल्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

आपल्या धनगर समाजाच्या स्मरणिकांतून व मेळाव्यांच्या व्यासपीठांवरून इतिहासाचे जे कथन होते, त्याचा प्रारंभ बहुधा मल्हारराव होळकरांच्या तलवारीपासून होतो आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या घाटांपाशी व मंदिरांपाशी तो विसावतो. ते योग्यच आहे. १७२५ साली चौंडीस जन्मलेल्या त्या साध्वीविषयी कितीही लिहिले तरी थोडेच. मल्हाररावांनी बालपणी तळोद्यास मामांच्या घरी मेंढरे राखली, ही परंपरागत कथा सांगताना तर वक्त्याचा आवाज अभिमानाने चढतो. शेरडांचे नाव मात्र कोणी काढीत नाही. निघालेच तर ते 'शेळ्यामेंढ्या' या जोडशब्दात निघते आणि पुढील सारे विवेचन मेंढीचेच होते.

या अबोल्याचे कारण उघड आहे. भित्र्या मनुष्यास शेळी म्हणावयाचे, निरुपयोगी वस्तूस अजागळ म्हणावयाचे, अशी आपल्या भाषेचीच रीत पडली आहे. शिकून नोकरीस लागलेल्या आपल्या तरुणांस घरच्या दोन शेरडांचा उल्लेख चारचौघांत नकोसा वाटतो. परंतु समाजाचा इतिहास लिहावयाचा तर ज्याच्या आधाराने वाईट वर्षे निघाली, ते वगळून कसे चालेल?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्यात सुमारे ३६०० ते २७०० वर्षांपूर्वीची वसाहत उघडकीस आली. आरंभीच्या काळातील घरे मोठी व चौकोनी होती. पुढे, आजपासून सुमारे ३००० वर्षांपूर्वी, पर्जन्यमान घटले, शेती मागे पडली, घरांच्या जागी लहान वर्तुळाकार झोपड्या आल्या आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर अधिकाधिक विसंबू लागले, असा निष्कर्ष डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडला. तुटक्या हाडांवरून शेळी कोणती व मेंढी कोणती हे ओळखणे कठीण असल्याने संशोधक पुष्कळदा दोघींची गणना एकत्रच करतात. म्हणजे जमिनीखालीही शेळी मेंढीच्या जोडीनेच राहिली! ते असो. अवर्षणात मोठी जनावरे टिकत नाहीत व लहान टिकतात, हे दख्खनच्या पठारावर त्या काळापासून चालत आलेले सत्य आहे.

याचे मर्म शेळीच्या खाण्यात आहे. मेंढी मान खाली घालून गवत खाते. शेळी मान वर करून, प्रसंगी मागच्या दोन पायांवर उभी राहून, बाभूळ, बोर, हिवर, लिंब यांचा पाला ओरपते. गवत करपले तरी झाडावर पाला व बाभळीच्या शेंगा राहतात. म्हणून मेंढ्यांच्या मोठ्या कळपातही धनगर चार शेळ्या राखीत आला. वाटेवर मुलाबाळांना दूध त्यांचेच, आई मेलेले कोकरूही त्यांच्याच दुधावर जगवावयाचे. दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या तळांवर हे दृश्य आजही दिसते.

परंतु माझ्या विवेचनाचा मुख्य विषय कळपातील शेळी नसून घरची शेळी हा आहे. मेंढ्या पुरुषाच्या, त्यांची लोकर व त्यांचा सौदा पुरुषाच्या हाती. दाराशी बांधलेली शेरडे मात्र बहुधा बाईच्या हातची. ज्या घरी शेळी विकत घेण्याचीही ऐपत नसे, ते घर ती अर्धलीने घेई. मालकाने शेळी द्यावी, घेणाऱ्याने ती चारावी, सांभाळावी आणि होणारी करडे निम्मी-निम्मी वाटून घ्यावी, असा हा व्यवहार असे. त्यास कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. शेळी पाच महिन्यांत विते व पुष्कळदा जुळी देते. त्यामुळे वाट्याला आलेल्या एका पाठीपासून तीन-चार वर्षांत विधवेचेही स्वतःचे लहानसे खांड उभे राहू शके. आम्ही शिक्षक वर्गात चक्रवाढ व्याज शिकवितो. ते या बायांस कोणी शिकविलेले नव्हते. शाळेची फी, लग्नातील लुगडे, दवाखान्याचा खर्च, यांपैकी काहीही उभे राहिले की बाजारास बोकड जाई.

आता वाड्याविषयी. मेंढ्या शेतात बसवावयाच्या तेव्हा खुंट्या ठोकून भोवती दोरीची वाघूर लावतात. शेताला लेंडीखत मिळते व मेंढपाळास मोबदला मिळतो; पूर्वी तो धान्याच्या रूपाने मिळे. घरच्या शेरडांचा वाडा निराळा. माळावरील दगडांचा छातीइतका उंच गडगा, त्यावर बाभळीचे व बोरीचे काटे, आणि दाराला काट्याचीच झाप. काटा बाहेरच्या बाजूस यावा, कारण शत्रू लांडगा आहे आणि तो उडी घेऊन येतो. वाड्याची जमीन उताराची हवी. शेळीला थंडी सोसते, पण ओल सोसत नाही; पायाखाली चिखल राहिला की खुरे कुजतात. अतिवृष्टीच्या प्रदेशांत त्यासाठी फळ्यांचा किंवा बांबूचा उंच माच करतात, म्हणजे लेंड्या व मूत फटीतून खाली पडून वरची जागा कोरडी राहते. नवजात करडे बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवावयाची, नाहीतर ती मोठ्या जनावरांच्या पायाखाली सापडतात. आया रानात गेल्या की करडे वाड्यातच राहतात. सायंकाळी कळप परतला की एकच कोलाहल उठतो, आणि त्यातूनही प्रत्येक शेळी वासाने आपलेच करडू हुडकून काढते. दुसऱ्याचे आले तर शिंगाने बाजूस सारते.

या वाड्यावर खरे संकट आले ते लांडग्याचे नव्हे, कायद्याचे. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. त्याअन्वये कोंडवाड्यात डांबण्याच्या जनावरांत शेळ्या व करडेही धरली होती. दंड भरून जनावर न सोडविल्यास त्याचा लिलाव होई. पाठोपाठ १८७८ साली जंगलाचा कायदा आला आणि ज्या डोंगरांवर आपले पूर्वज निर्वेधपणे चारीत, त्यांतील पुष्कळसे राखीव ठरले. तेथे पाऊल टाकणे हाच गुन्हा झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्यावर जो प्रहार केला आहे, त्यात गरिबाच्या शेरडाकरडांची कैफियत स्पष्ट मांडलेली आहे. डोंगर, पडीत व गायराने खात्याच्या घशात गेल्याने त्यांस कोठे जागाच उरली नाही, असा त्यांचा आशय आहे. आमच्या स्मरणिकांनी जे नाव टाळले, ते एका माळी समाजातील महापुरुषाने सरकारपुढे मांडले, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतरही शेळीवरील आरोप सरला नाही. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने वनांच्या रक्षणासाठी शेळ्यांची संख्या घटवावी, असाच सूर लावला. पुढे १९८७ साली डॉ. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने या प्रश्नाची छाननी केली. भूमीच्या ऱ्हासाचा दोष शेळीच्या माथी मारण्यास पुरावा नाही, असे मत त्याने दिले. शेळी तोडलेल्या रानात नवे कोंब खाते हे खोटे नव्हे, आणि आपणही ते नाकारू नये. रोपवनात शेरडे सोडणारा राखणदार दोषीच. पण रान प्रथम कुऱ्हाडीने तुटते, शेळी मागाहून येते. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण कोणी काढली ठाऊक नाही. परंतु मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांतून चराईचे नियम करणाऱ्यांना ती चपखल बसते.

सरकारने १९७८ साली अहिल्यादेवींच्या नावे शेळी-मेंढी विकासाचे महामंडळ स्थापन केले, आणि फलटणच्या निंबकर संस्थेने १९९३ साली परदेशातून बोअर जातीच्या शेळ्यांचे गोठविलेले गर्भ आणविले. तरी आपली काळी उस्मानाबादी आणि संगमनेरी मागे पडलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या १ कोटी ६ लाखांच्या घरात भरल्या, तर मेंढ्या २७ लाखांच्या आसपास. चराई आटल्याने आता बंदिस्त पालनाची शिकवण दिली जाते. मोठ्या शेळीस छताखाली दहा चौरस फूट, मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट, आणि जमिनीपासून उंच फटींची फरशी, असा नवा गोठा शिबिरांतून चित्रे दाखवून समजावतात. मागील रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बाया ते चित्र पाहून एकमेकींना सांगतात की हा तर आपला माच, फक्त पत्र्याच्या छपराखाली आला.