चुकलं तर भरायचं कोणी? किर्लोस्करवाडीच्या निमित्ताने

कामाच्या ठिकाणी नवं काही का घडत नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "लोकांना बदल नको असतो." मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. इतकं सोपं उत्तर मिळालं की मला शंका येते. म्हणून आज आपण शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, आणि आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे कळलं. मग यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. तिथून पुढे कडबा कापायचं यंत्र, आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण जवळजवळ दोन वर्षं तो घेणारा मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट ऐकून आपण हसतो. पण जरा थांबा. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, आणि मोबदला मिळायचा बलुत्याच्या धान्यात. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसा लागणार, आणि तो मोडला तर गावात सांधणार कोण? प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर पडून राहणार होता. शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जाणार होता. माझं म्हणणं असं, की समजुतीच्या आड एक हिशेबही होता. चुकलं तर भरायचं कोणी, हा तो हिशेब.

आता याच प्रश्नाने पुढचा इतिहास पाहा. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि १०,००० रुपयांचं कर्जही. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ३२ एकर माळावर कारखाना उभा राहिला. सोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाला आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वाडीची राखण सोपवली गेली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. आणि याच नांगरांच्या कारखान्यातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. त्याचंच पुढे नावाजलेलं मराठी मासिक झालं.

यात एक साखळी दिसते. लक्ष्मणरावांच्या धाडसाचा भार थोडा राजांनी उचलला, आणि लक्ष्मणरावांनी आपल्या माणसांच्या धाडसाचा. कल्पना सुचणाऱ्यावर तिच्या अपयशाचा सगळा बोजा पडला नाही, म्हणून कल्पना सुचत राहिल्या. अर्थात, वाडी हा आदर्श म्हणून जशाच्या तसा उचलावा असं मी म्हणत नाही. जिथे पगार आणि घर दोन्ही एकाच मालकाच्या हातात असतात, तिथे मालक चांगला निघणं हा नशिबाचा भाग राहतो. आज तेच काम नियमांनी आणि पद्धतींनी करायला हवं.

शेवटी एक कबुली. मी विभागप्रमुख होतो तेव्हा एक तरुण सहकारी परीक्षेची वेगळी पद्धत घेऊन आला. मी म्हणालो, "करून बघा, पण काही बिघडलं तर जबाबदारी तुमची." मला वाटलं, मी त्याला स्वातंत्र्य दिलं. तो हसला, कागद घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याकडे कधीच काही नवं घेऊन आला नाही. मी मात्र कितीतरी वर्षं म्हणत राहिलो, हल्लीच्या मुलांना काही करायलाच नको!

तो नांगर न घेणारा शेतकरी मला फार उशिरा समजला. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर निदान एवढं करा : "जबाबदारी तुमची" हे वाक्य "जबाबदारी माझी" असं म्हणून पाहा. मग काय घडतं, ते मला जरूर कळवा.